नाडी आणि मत

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमली, की चकलीबरोबर राजकारण निघते, आणि अनारशापर्यंत पोचता पोचता कोणी तरी हटकून म्हणतोच, "छे हो! या देशाला आता एखादा सच्चा डॉक्टरच पाहिजे. नाडी धरील, रोग ओळखील, कडू औषध पाजील आणि मोकळा होईल!" यावर सगळे मान डोलावतात. मी डोलावीत नाही. मी स्वतः डॉक्टर आहे, एका तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे दवाखाना चालवला आहे, आणि म्हणूनच डोलावीत नाही.

याच्या उलट बोलणारे सद्‌गृहस्थही पुष्कळ भेटतात. त्यांच्या मते डॉक्टरासारख्या सुशिक्षित माणसाने राजकारणाच्या चिखलात पाय घालूच नये. त्याने आपला दवाखाना बरा आणि आपण बरे, असे राहावे. हेही मला पटत नाही. ज्या गावच्या विहिरीत दर पावसाळ्यात गटाराचे पाणी झिरपते, त्या गावात जुलाबाच्या गोळ्या जन्मभर वाटत बसणे ही कसली वैद्यकी? विहीर ग्रामपंचायतीची, नळाची योजना जिल्हा परिषदेची आणि पैसा मुंबईच्या मंत्रालयाचा. रोग जर या वाटेने येत असेल, तर डॉक्टरालाही कधी ना कधी ती वाट चढून जावेच लागेल. डॉक्टराने राजकारणात खुशाल जावे. पण जाताना दवाखान्यातून काय बरोबर घ्यावे आणि काय दाराशीच ठेवावे, याचा विचार आपल्याकडे कोणी करीत नाही. तो करावा म्हणून मी आज वाचकांपुढे एका डॉक्टराचे आयुष्य ठेवतो आहे.

हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. डॉ. खानसाहेब हे नाव त्यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे सरहद्द गांधी खान अब्दुल गफारखान यांच्या सावलीत राहून गेले एवढेच. खरे नाव अब्दुल जब्बार खान. पेशावरच्या मुलखात चारसद्द्याजवळ उत्मानझई म्हणून गाव आहे. तेथल्या एका जमीनदार खानाचे हे थोरले चिरंजीव. पेशावरच्या मिशन शाळेतून बाहेर पडून ते डॉक्टरकी शिकायला आले ते आपल्या मुंबईत, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. पुढे लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शिक्षण पुरे केले, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काम केले आणि मग लष्कराच्या वैद्यकीय सेवेत शिरून ते मर्दान येथे गाइड्स पलटणीचे डॉक्टर झाले. वझिरिस्तानातल्या टोळ्यांवर फौज चालून जात होती. डॉक्टरांना तिकडे जाण्याचा हुकूम आला. आपल्याच पठाण बांधवांवर चाल करणाऱ्या फौजेबरोबर मी जाणार नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी १९२१ साली राजीनामा दिला आणि आपल्या मुलखात खाजगी दवाखाना थाटला.

त्या काळी ही नोकरी सोडणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून कळायचे नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिस म्हटले की पगार, बंगला, घोडा, निवृत्तिवेतन आणि साहेबाच्या पंक्तीला खुर्ची! हे सगळे लाथाडणारा माणूस लोभी असू शकत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

धाकट्या भावाने १९२९ साली खुदाई खिदमतगारांची संघटना उभारली. लाल सदरे घातलेले, अहिंसेची शपथ घेतलेले हे पठाण, आणि थोरल्या डॉक्टरांचा त्यांना आधार. १९३१ च्या अखेरीस दोघेही भाऊ पकडले गेले. १९३४ च्या ऑगस्टात हजारीबागच्या तुरुंगातून सुटले, तर सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल टाकायला बंदी! तेव्हा ते आले आपल्या वर्ध्याला, गांधीजींच्या आणि जमनालाल बजाजांच्या आश्रयाला. महादेवभाई देसायांनी या दोघां भावांवर इंग्रजीत एक छोटेखानी पुस्तक लिहिले, ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. स्वतःच्या प्रांतात शिरता येत नसताना त्याच प्रांतातून १९३४ साली डॉक्टर मध्यवर्ती विधिमंडळावर निवडून आले. लोकांनी दवाखान्यातला हात ओळखला होता.

१९३७ च्या सप्टेंबरात ते सरहद्द प्रांताचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. विधानसभेच्या ५० जागांपैकी काँग्रेसच्या १९. तरी पहिल्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव आणून, इतरांना बरोबर घेऊन त्यांनी राज्य हाती घेतले. सरकारने मोठ्या खानांना वाटलेली मानद मॅजिस्ट्रेटची पदे काढून घेण्यासारखी कामे केली, म्हणजे आपल्याच वर्गाच्या ताटातला घास काढला. १९३९ साली महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली, त्यांत हेही पडले. १९४५ त पुन्हा आले. १९४६ च्या निवडणुकीत तर ५० पैकी ३० जागा मिळाल्या. जिथे जवळजवळ सगळी वस्ती मुसलमानांची, तिथे मुस्लिम लीगला १७ आणि काँग्रेसला ३०!

मग आले १९४७. जुलैत सरहद्द प्रांतात सार्वमत झाले. हिंदुस्थान की पाकिस्तान, एवढाच प्रश्न. स्वतंत्र पख्तुनिस्तानचा पर्याय द्या अशी मागणी फेटाळली गेली, म्हणून खुदाई खिदमतगारांनी मतदानावर बहिष्कार घातला. पाकिस्तानला २,८९,२४४ मते पडली, हिंदुस्थानला २,८७४. एकूण मतदार होते ५,७२,७९८. पाकिस्तान झाला. आणि त्यानंतर आठवड्याभरातच, २२ ऑगस्ट १९४७ रोजी, डॉक्टरांचे मंत्रिमंडळ बडतर्फ करण्यात आले. विधानसभेत त्यांचे बहुमत होते. ते मोजण्याची तसदी कोणी घेतली नाही. गव्हर्नर जनरल जिनांची इच्छा, गव्हर्नर कनिंगहॅम यांची सही, आणि खलास! पुढली काही वर्षे डॉक्टरांनी स्थानबद्धतेत काढली.

इथपर्यंतची कथा सांगितली की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. आपल्याकडचे चरित्रकार बहुधा इथेच थांबतात. मला थांबता येत नाही.

१९५४ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल गुलाम महंमद यांनी घटना समितीच बरखास्त केली. सात वर्षे घटना लिहीत बसलेल्या मंडळींना एका फर्मानाने घरी पाठवले. त्यानंतर जे नवे मंत्रिमंडळ बनले, त्यात सेनापती अयुबखान होते, इस्कंदर मिर्झा होते आणि दळणवळण खात्याचे मंत्री म्हणून डॉ. खानसाहेब होते. होय, तेच डॉ. खानसाहेब, फर्मानाने पदच्युत झालेले आणि बिनचौकशीचे डांबले गेलेले.

पुढल्याच वर्षी 'एक युनिट'ची योजना अमलात आली. पंजाब, सिंध, सरहद्द प्रांत, बलुचिस्तान आणि संस्थाने, सारी एकत्र करून पश्चिम पाकिस्तान नावाचा एकच प्रांत करायचा. कारणे तोंडावर फेकायला उत्तम होती: खर्च वाचेल, प्रांताप्रांतांतली भांडणे मिटतील, कारभार सुटसुटीत होईल. पोटातले कारण वेगळे होते. देशातली निम्म्याहून अधिक प्रजा पूर्व बंगालात होती. पश्चिमेकडचे सगळे तुकडे एकत्र बांधले म्हणजे तराजूची दोन पारडी सारखी दाखवता येत होती. सिंधचे मुख्यमंत्री पीरजादा यांनी विरोध केला, त्यांना १९५४ सालीच घालवले. १४ ऑक्टोबर १९५५ ला प्रांत एक झाला, राजधानी लाहोर. सरहद्द प्रांत नकाशावरून पुसला गेला. आणि या नव्या प्रांताचे पहिले मुख्यमंत्री कोण? डॉ. खानसाहेब. ज्या प्रांताने त्यांना तीन वेळा निवडून पाठवले, त्याच प्रांताच्या मरणपत्रावर त्यांचा हात!

गफारखान गावोगाव फिरून एक युनिटच्या विरुद्ध बोलू लागले. १९५६ साली त्यांना अटक झाली. तेव्हा मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत त्यांचा सख्खा थोरला भाऊ बसला होता.

आता याचा अर्थ काय लावायचा? "सत्तेची चटक! राजकारणाने भला माणूस नासवला," असे निदान आमचे फराळी राजकारणी चुटकीसरशी करतील. मला ते मान्य नाही. ज्याने ऐन उमेदीत साहेबी नोकरीवर पाणी सोडले, तो सत्तरी ओलांडल्यावर एका खुर्चीसाठी भुलला, हे निदान रोगाच्या लक्षणांशी जुळत नाही. मला वाटते, हा रोग राजकारणात जडलेला नव्हे. तो आमच्या धंद्यातलाच आहे, आणि मी तो चाळीस वर्षे जवळून पाहिला आहे.

डॉक्टराला, विशेषतः खेड्यातल्या डॉक्टराला, एक अधिकार आपोआप मिळतो. कोणी मत देत नाही, कोणी नेमणूक करीत नाही. रोगी बाकावर येऊन बसतो, हात पुढे करतो, जीभ दाखवतो आणि आपण जे सांगू त्याला "बरं, डॉक्टर" म्हणतो. काय दिले, का दिले, विचारीत नाही. दिवसाला पन्नास-साठ माणसे अशी "बरं, डॉक्टर" म्हणू लागली, की काही वर्षांनी आपल्याला वाटू लागते, की आपले बरोबर असते म्हणूनच ही माणसे होकार देतात. खरे पाहता ती होकार देतात कारण त्यांचे पोट दुखत असते. दुखणाऱ्या पोटाचा होकार आणि विचार करून दिलेला होकार या दोन गोष्टी एक नव्हेत.

मला हे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवले. साखरेचा आजार जुना, पायाचा अंगठा काळा पडलेला, वास सुटलेला. मी सांगितले, "आबा, अंगठा काढावा लागेल. आजच जिल्ह्याला चला. उशीर केलात तर पाय जाईल." आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डाक्टर, तुम्ही बरोबरच सांगत असाल. पन पाय माझा हाय. मला इचारा तरी. तुम्ही सांगताय, इचारत न्हाई." त्यांना मुलीला बोलवायचे होते, मुलाशी बोलायचे होते, ऊस तुटायला आला होता त्याची व्यवस्था लावायची होती. मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्या घरी जाऊन इंजेक्शने दिली, जखम धुतली. तिसऱ्या दिवशी आबा आपणहून म्हणाले, "चला आता." अंगठा गेला, पाय वाचला, आणि पुढे सहा वर्षे आबा बांधावर हिंडत होते. दोन दिवसांत धोका वाढला असता, हे मला ठाऊक होते आणि मी त्यांना ते स्पष्ट सांगितलेही होते. पण पाय त्यांचा होता, हे म्हणणेही तितकेच खरे होते.

हे आबांचे वाक्य डॉ. खानसाहेबांना लाहोरात कोणी ऐकवले असते, तर! सरहद्दीच्या पठाणाला एक युनिट हवे की नको, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. विधानसभांकडून ठराव करून घेतले गेले खरे, पण आडवा येईल त्या मुख्यमंत्र्याची उचलबांगडी करून घेतलेल्या ठरावाला संमती म्हणत नाहीत. रोग्याला चौघांनी धरून त्याच्या तोंडात ओतलेले औषध ते. आणि डॉक्टरांची समजूत प्रामाणिक असेलही: पाकिस्तान आता झालेच आहे, भांडत बसण्यात अर्थ नाही, मोठ्या प्रांतात पठाणाचे भलेच होईल. असेल! पण आपल्या सद्‌हेतूची पक्की खात्री असलेला माणूस विचारायला विसरतो, आणि लबाड माणसाहून अधिक सहज विसरतो. कारण लबाडाला निदान धाक तरी असतो.

कोणी म्हणेल, पाकिस्तानात लोकशाहीच कुठे होती? म्हणून त्याच वर्षांतला आपल्याकडचा दाखला देतो, आणि तोही एका डॉक्टरचाच. डॉ. बिधनचंद्र रॉय १९४८ पासून १९६२ साली मृत्यू येईपर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. रोगपरीक्षेत त्यांचा हात धरणारा देशात विरळा. १९५६ च्या जानेवारीत या थोर वैद्याने बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिन्हा यांच्याबरोबर एक योजना जाहीर केली: बंगाल आणि बिहार एकत्र करून एकच राज्य करावे. कारणे तीच, भांडणे मिटतील, कारभार सुधारेल. बंगालात वादळ उठले. मेघनाद साहा यांच्या निधनाने कलकत्त्यात लोकसभेची एक जागा रिकामी झाली होती. तिची पोटनिवडणूक याच प्रश्नावर लढवली गेली. विलीनीकरणाला विरोध करणारा उमेदवार निवडून आला, काँग्रेस हरली, आणि बिधनबाबूंनी योजना मागे घेतली. रोग्याने मान हलवून "नको" म्हटले आणि डॉक्टराने चिठ्ठी फाडून टाकली. पुढल्या वर्षी त्याच रोग्याने त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले.

दोन्ही डॉक्टर निष्णात, दोन्ही देशभक्त, दोघांच्याही डोक्यात त्याच सुमारास प्रांत जोडण्याची कल्पना. बिधनबाबू लाहोरात असते तर ते वेगळे वागले असते, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. फरक डॉक्टरांच्या स्वभावात शोधू नका. कलकत्त्याच्या रोग्याच्या हातात मतपत्रिका होती, पेशावरच्या रोग्याच्या हातात ती नव्हती.

आपण मराठी माणसांनी तरी हे इतक्या लवकर विसरू नये. १९५६ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या शहाण्या वैद्यांनी आपल्यालाही द्विभाषिकाची मात्रा दिली होती. त्यात तुमचे भले आहे, असे सांगणाऱ्यांत खोटी माणसे थोडी आणि सज्जन पुष्कळ होते. शंभरावर माणसे गोळीबारात गेली, १९५७ च्या निवडणुकीत मतपेटीने पश्चिम महाराष्ट्रात आपले म्हणणे ऐकवले, आणि १ मे १९६० ला मात्रा बदलावी लागली. सीमेवरची बेळगावची जखम अजून भरलेली नाही, ती गोष्ट वेगळी.

तिकडे एक युनिटचे काय झाले? १९५७ च्या सप्टेंबरात त्याच प्रांताच्या विधानसभेने प्रचंड बहुमताने ठराव केला की हे एकत्रीकरण मोडा. तोवर डॉक्टरांचे मुख्यमंत्रिपद जाऊन दोन महिने झाले होते. पुढल्या वर्षी लष्करी राजवट आली आणि ठराव बासनात गेला. १९७० च्या जुलैत अखेर एक युनिट मोडले, सरहद्द प्रांत पुन्हा नकाशावर आला. पूर्व बंगालला सारखे करण्यासाठी बांधलेले ते पारडे असे सुटले. आणि पुढल्याच वर्षी पूर्व बंगालच पाकिस्तानातून सुटला. न विचारता दिलेल्या औषधाचा गुण पंधरा वर्षांत असा आला.

डॉक्टरांना हे पाहायचे नव्हते. ९ मे १९५८ रोजी लाहोरात मुलाच्या बंगल्याच्या बागेत ते बसले असताना मियांवालीकडच्या एका बडतर्फ पटवाऱ्याने त्यांना भोसकले. नोकरी गेल्याचे गाऱ्हाणे घेऊन हिंडणारा माणूस तो. अशा माणसाला मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या गृहस्थाच्या इतक्या जवळ जाता आले, यावरून वृद्ध डॉक्टरांभोवती किती थोडे कडे होते हे कळते. त्यांच्या सचोटीविषयी मला आजही शंका नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की सचोटी पुरेशी आहे असे त्यांनी मानले, आणि आपणही तेच मानतो.

माझ्याकडेही मंडळी आली होती. पंचायत समितीचे तिकीट घ्या म्हणाली. "डॉक्टर, तुम्हाला प्रचाराची गरजच नाही. तालुक्यात अर्ध्या पोरांना तुम्ही जगात आणले आहे. तुमचा शब्द कोण मोडणार?" मी विचारले, "शब्द मोडणारा कोणी नसेल, तर तिथे जाऊन मी चुकलो की मला सांगणार कोण?" मंडळी हसली. त्यांना तो माझा विनय वाटला. विनय कसला! ती माझी साधी अट होती, आणि ती पुरी करायला कोणी तयार नव्हते म्हणून मी तिकीट घेतले नाही. ज्या तरुण डॉक्टरांना ती अट पुरी करून घेता येईल, त्यांनी अवश्य उभे राहावे. त्यांनी विहिरीचे, शाळेचे, बाळंतिणींचे ज्ञान दवाखान्यातून बरोबर न्यावे. रात्री-अपरात्री उठण्याची सवय न्यावी. रोग्याची जात न विचारण्याची रीत तर जरूर न्यावी. ती तिकडे फार दुर्मिळ आहे. पण "बरं, डॉक्टर" हे दोन शब्द मात्र दवाखान्याच्या उंबऱ्यावर ठेवून जावे.

आणि मतदारांना, म्हणजे तुम्हां-आम्हांला, माझे सांगणे आहे. डॉक्टर उभा राहिला, तर त्याने तुमच्या मुलाचा ताप उतरवला म्हणून त्याला मत देऊ नका. त्याची फी द्या, त्याचे उपकार माना, दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा डबा पाठवा. मत मागायला आला, की त्याला बाकावर बसवा आणि तुम्ही खुर्चीत बसा. काय करणार, का करणार, कोणाला विचारून करणार, हे एकेक करून विचारा. उत्तर पटले नाही तर तोंडावर "नको" म्हणा. खरा डॉक्टर असेल तर तो रागावणार नाही. नाडी हातात देताना माणूस डोळे मिटून घेतो, ते ठीकच आहे. मत देताना डोळे उघडे हवेत.